वाचक विचारतात : आधी शेवटचं पान उघडा

गेल्या अंकात घराघरात पडून असलेल्या जुन्या अरबी-फारसी पोथ्यांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रं, मेल आणि मोबाइलवर फोटो यांचा नुसता ढीग आला. निम्मे फोटो हललेले, काहींत पोथीपेक्षा धरणाऱ्याचा अंगठाच मोठा. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, त्यामुळे ज्यात इतरांच्याही कामाचं काही आहे असे सहा प्रश्न घेतलेत. नावं मुद्दाम दिली नाहीत, कारण पेटीत काय सापडलंय हे अख्ख्या गावाला कळायची गरज नसते.

प्रश्न (बीड) : अब्बांच्या लोखंडी पेटीत एक जाडजूड पुस्तक मिळालं. मी मराठी मिडीयमचा, उर्दू वाचता येत नाही, पण मोबाइलवर आकडे शोधून शेवटच्या पानावरचा १२९८ हा आकडा लावला. म्हणजे सातशे वर्षं जुनं झालं ना? अक्षर हाताचं आहे. घरी सगळे म्हणतात कुरआन शरीफच आहे, आणि गावातला एकजण म्हणतो पाच लाख कुठे गेले नाहीत.

आधी शाबासकी, कारण तुम्ही शेवटचं पान उघडलंत, बाकीचे मला कव्हरचा फोटो पाठवतात आणि विचारतात किती जुनं. ही पुस्तकं उजवीकडून उघडतात त्यामुळे आपल्याला जे पहिलं वाटतं ते त्यांचं शेवटचं, आणि खरी माहिती तिथेच बसलेली असते, म्हणजे लिहिणाऱ्याने नाव, गाव, तारीख टाकलेली असते, बऱ्याचदा ओळी लहान लहान होत खाली निमुळत्या होत जातात, त्रिकोणासारख्या, आणि शेवटी ‘तमाम शुद’ म्हणजे संपलं. लिहून काढणारा स्वतःला ‘फकीर, हकीर’ म्हणजे दीन, क्षुद्र असं काहीतरी म्हणवून घेतो. आपल्या पोथ्यांत लेखकू शेवटी चुकभूल माफ करा म्हणतो ना, तोच सूर.

आता आकडा. १२९८ तुम्ही बरोबर वाचलंत (लिपी उजवीकडून असली तरी आकडे डावीकडूनच वाचायचे, हे तुम्हाला कोणी सांगितलं माहीत नाही पण जमलं), फक्त ते हिजरी साल आहे. हिजरी वर्ष चंद्राचं, साधारण ३५४ दिवसांचं, आपल्यासारखा अधिक महिना त्यात नाही, त्यामुळे ते इसवी सनापेक्षा जोरात पळतं, ३३ हिजरी वर्षं म्हणजे इसवीची ३२. सोपा हिशोब सांगतो, हिजरी सालातून तीन टक्के कमी करा आणि ६२२ मिळवा. १२९८ चे तीन टक्के साधारण ३९, उरले १२५९, अधिक ६२२, आले १८८१. म्हणजे तुमचं पुस्तक सातशे वर्षांचं नाही, दीडशेच्या अलीकडचं आहे.

आणि ते हाताने लिहिलेलंही नाही. म्हणजे लिहिलंय हातानेच, पण छापलंय दगडावर. याला आपल्याकडे शिळाप्रेस म्हणतात. तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत खालच्या ओळीत ‘मतबा’ असा शब्द आहे, मतबा म्हणजे छापखाना, आणि त्याच्या शेजारी मुंबईचं नाव स्पष्ट आहे. ते नसतं तरी ओळखता येतं. पान उजेडात तिरकं धरा. खऱ्या हस्तलिखितात बोरूने जिथे वळण घेतलं तिथे शाई साचून थोडी चमकते, बारीक रेघेवर फिकी होते, आणि कागदावर एरवी न दिसणाऱ्या दाबाच्या रेघा असतात, कारण पुठ्ठ्यावर दोरे ताणून त्यावर कागद ठेवून बोटाने दाबायचे, की झाल्या आखीव ओळी, त्याला मिस्तर म्हणत. शिळाछापात यातलं काही नाही, मजकूर, चौकट, वेलबुट्टी सगळं एकाच काळ्या रंगात एकसारखं सपाट. तुमचं तसंच आहे.

शिळाप्रेसच का, तर फारसी-उर्दूची नस्तालीक लिपी. ती एका ओळीत सरळ बसतच नाही, शब्द वरून खाली घसरत येतो, पुढचं अक्षर मागच्याच्या डोक्यावर बसतं, त्यामुळे शिशाचे खिळे जुळवून ती छापणं म्हणजे छळ. १७९६ च्या सुमारास बव्हेरियात सेनेफेल्डर नावाच्या माणसाने चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने छापायची युक्ती काढली, तेल आणि पाणी एकमेकांना धरत नाही एवढ्या साध्या गोष्टीवर, आणि कातिबांचा म्हणजे हाताने पुस्तकं लिहून देणाऱ्यांचा धंदा बुडायच्या ऐवजी उलट वाढला, कारण एकाने सुंदर लिहायचं आणि दगडाने त्याच्या शेकडो प्रती काढायच्या. १९ व्या शतकात मुंबई हे यातलं फार मोठं ठाणं होतं. फिरदौसीचा शाहनामा चित्रांसकट इथे १८४० च्या दशकात छापला गेला, इथली फारसी पुस्तकं इराणात जायची, अरबी पुस्तकं आफ्रिकेच्या किनाऱ्याला जायची. उत्तरेत लखनौला मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मधे छापखाना काढला, माणूस हिंदू, आणि छापलं कुराणापासून रामायणापर्यंत सगळं. आणि हे फक्त उर्दूवाल्यांचं तंत्र नाही बरं का, गणपत कृष्णाजींनी १८३१ मधे मराठी पंचांग छापलं तेही दगडावरच.

राहिलं कुरआनचं. तुमच्या पानावर मजकूर दोन उभ्या रकान्यात आहे म्हणजे ते पद्य आहे, मसनवी म्हणजे लांबलचक काव्य किंवा तसं काही. कुराणाचा मजकूर असा रकान्यात तोडत नाहीत, त्यात प्रत्येक आयतीनंतर म्हणजे वचनानंतर छोटं गोल चिन्ह असतं, अक्षरांवर खाली-वर स्वरांच्या खुणा दाट असतात, सूरांची म्हणजे अध्यायांची नावं वेगळ्या पट्टीत असतात, आपल्याकडच्या कित्येक प्रतींत तर ओळीखाली लाल शाईत फारसी अर्थही असतो. तरी घरच्यांनी कपड्यात गुंडाळून उंचावर ठेवलंय ते उत्तमच, पुस्तक टिकलं ते त्यामुळेच.

पाच लाखवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

प्रश्न (नाशिक) : इस्लाममधे चित्र काढायला मनाई आहे असं आम्ही लहानपणापासून ऐकतो, मग सुलतानांच्या पुस्तकांत एवढी चित्रं कुठून आली? का ती नंतर कोणी घातली?

नंतर कोणी घातली नाहीत, सुलतानांनीच पगार देऊन काढून घेतली. मशिदीत आणि कुराणात माणसाचं-प्राण्याचं चित्र नाही हे पक्कं, तिथे सगळी हौस अक्षरात आणि सोनेरी नक्षीत. पण इतिहास, गोष्टी, वैद्यक, ज्योतिष या पुस्तकांत चित्रं भरपूर. कोणाला ती पटायची, कोणाला नाही, शेकडो वर्षं वाद चालू आहे आणि तो या पानावर मिटणार नाही. मी फक्त काय काढलं गेलं ते सांगतो.

लांब कशाला, पुण्यातच बघा. भारत इतिहास संशोधक मंडळ, राजवाडे-मेहेंदळ्यांनी १९१० मधे काढलेलं, तिथे ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाची फारसी पोथी आहे. अहमदनगरच्या हुसेन निजामशहाची स्तुती, कवीचं नाव आफताबी, काळ १५६५ ते १५६९ च्या आसपास, म्हणजे तालिकोटची लढाई नुकतीच झालेली, सुलतान त्याच वर्षी वारलेला, आणि पोरगा लहान म्हणून राणी खुंजा हुमायून कारभार बघतेय. दख्खनी चित्रकलेतलं हे अगदी सुरुवातीचं काम. चित्रं मुळात १४ होती, १२ उरलीत. सोनेरी आणि निळी-हिरवी जमीन, बायकांच्या लांब वेण्या, टोकाला गोंडे.

आणि आता नीट बघा म्हणजे गंमत दिसेल, गंमत म्हणजे तशी वाईटच. सुलतान सिंहासनावर बसलाय, आणि त्याच्या शेजारी जिथे कोणीतरी असायला हवं तिथे रंगाचा नुसता डाग. सिंहासनावर जागा दोघांची आहे, बसलाय एकटा. तिथे राणी होती. १५६९ मधे मुलाने तिला कारभारातून काढलं, कैदेत टाकलं, आणि मग कोणीतरी कुंचला घेऊन एकेका चित्रातून तिला पुसत गेलं. पोथीत राजाच्या पंगतीला राणी एवढी मानाने बसवलेली हे दुर्मिळ, आणि नेमकी तीच पुसलेली. म्हणजे धर्मात चित्र चालत नाही म्हणून पुसलं असं नाही, सरळ घरातलं राजकारण.

एका चित्रात मात्र ती वाचलीय. बाई झाडाला हात लावते आणि झाड फुलतं, हा आपला जुना संस्कृत काव्यातला संकेत, दोहद. (आपला डोहाळे हा शब्द त्यातलाच.) फारसी स्तुतिकाव्य, निजामशाही दरबार, आणि मधेच हे दोहदाचं झाड! चित्रकार कोण होता माहीत नाही पण त्याच्या हाताला दोन्ही गोष्टी सारख्याच ओळखीच्या होत्या असं वाटतं.

विजापूरचंही तसंच. १५७० ची ‘नुजूम-उल-उलूम’ नावाची पोथी आहे, ज्योतिष, जादू, शस्त्रं, हत्ती-घोडे असा सगळा कोशच, त्यात १४० ‘रूहानी’ म्हणजे देवतांसारख्या शक्ती रंगवल्यात आणि त्या बघितल्या की आपल्या योगिनी आठवतात. पुढे दुसरा इब्राहिम आदिलशहा, त्याने स्वतः दखनी भाषेत गाणी रचली, ‘किताब-ए-नौरस’, त्यात सरस्वती आहे, गणपती आहे, त्याचा तंबोरा मोतीखान आहे आणि लाडका हत्ती आतशखानसुद्धा आहे. ती पोथी खलीलुल्ला नावाच्या कातिबाने लिहून आणली तेव्हा इब्राहिमने त्याला ‘पादशाह-ए-कलम’ असा किताब दिला. लेखणीचा बादशहा. हल्ली आम्हाला मानधनाचा चेक वेळेवर आला तरी तेवढाच आनंद होतो.

प्रश्न (वाई) : मी मोडी शिकतेय. प्रत्येक पत्रात वर ‘सुहूर सन’ आणि पुढे ‘सलास’, ‘मया’, ‘अलफ’ असे शब्द येतात. क्लासमधे पाठ करून घेतात पण हे नक्की काय आहे कोणी सांगत नाही.

ताई, हे अरबी आकडे आहेत. अक्षरशः. तुम्ही मोडीत अरबी लिहिताय आणि तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

एक इहिदे, दोन इसन्ने, तीन सलास, चार अर्बा, पाच खमस, सहा सीत, सात सबा, आठ समान, नऊ तिसा, दहा अशर. मग अशरीन वीस, सलासीन तीस, अर्बैन चाळीस, खमसैन पन्नास, सितैन साठ, सबैन सत्तर, समानीन ऐंशी, तिसैन नव्वद. मया शंभर, मयातैन दोनशे, अलफ हजार. अरबीत लहान आकडा आधी सांगतात म्हणून उलट्या क्रमाने येतं.

उदाहरण घ्या, ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर आणि हजार, ११६१. सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात, त्यामुळे मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. ११६१ ला ६०० मिळवा, १७६१. जानेवारीतलं पत्र असेल तर ते पानिपतच्या दिवसांतलं आहे, जरा हात थरथरायला हवा.

हे असं मृगाशी का बांधलं, तर चंद्राचं हिजरी वर्ष पिकांशी जुळत नाही, दरसाल ११ दिवस मागे सरकतं, शेतसारा कधी मागायचा? म्हणून हिजरी ७४५ मधे म्हणजे १३४४ ला आकडा तोच ठेवून वर्ष सूर्याचं केलं. तुघलकाच्या काळातली गोष्ट. बाकी मोडी दप्तरातले शब्द एकदा कानाने ऐकून बघा, दप्तर, रुमाल, कागद, शाई, दौत, कलम, मसुदा, नक्कल, जिल्द. जिल्द म्हणजे अरबीत कातडी, पुस्तकाला कातडं चढवायचे म्हणून बांधणीला जिल्द. पेशव्यांचा कारकून ब्राह्मण, लिपी मोडी, मायना संस्कृत, आणि तारीख अरबी आकड्यांत, आणि त्याला त्यात काहीही विचित्र वाटत नव्हतं.

प्रश्न (ठाणे) : नवऱ्याच्या पन्नाशीला फ्रेम करून द्यायला एक जुनं ‘मुघल पेंटिंग’ बघितलंय. मागे उर्दू मजकूर आहे, दुकानदार म्हणतो ३०० वर्षं जुनं, मागचा मजकूर हाच पुरावा. घेऊ का?

घेऊ नका. खरं असेल तरी घेऊ नका आणि खोटं असेल तर प्रश्नच नाही, बहुतेक खोटंच आहे.

याची रीत अशी की जुन्या रद्दीतून दस्त, वह्या, फाटक्या शिळाछापाची पानं उचलायची आणि कोऱ्या जागेवर किंवा सरळ मजकुरावरच हत्ती, उंट, हुक्का ओढणारी बेगम रंगवायची. कागद जुना, शाई जुनी, चित्र गेल्या महिन्यातलं. मी एकदा प्रवासात असाच एक ‘दरबार’ हातात घेतला, दुकानदार अदबीने बोलत होता, मागचा मजकूर वाचला तर जमिनीच्या भांडणातला कोर्टाचा कागद, आणि तोसुद्धा चित्राच्या हिशोबाने उलटा! बादशहा सुलटा बसलाय आणि मजकूर डोक्यावर उभा. मी ते म्हटल्यावर अदब लगेच कमी झाली. तुम्ही मागच्या मजकुराचा फोटो काढून वाचता येणाऱ्या कोणालाही दाखवा, दोन मिनिटांचं काम. आणि भिंग घेऊन बघा, रंग शाईच्या अक्षरावरून गेलाय का, कागदाच्या जुन्या घडीत किंवा किड्याच्या भोकात रंग उतरलाय का. भोक आधी आणि रंग नंतर असेल तर किडा चित्रकारापेक्षा वयाने मोठा.

समजा खरंच निघालं. मग ते पान कुठल्यातरी पुस्तकातून फाडलेलं आहे. चित्र असलेलं पान सुटं जास्त किमतीला जातं म्हणून चांगल्या चांगल्या पोथ्या पानापानाने फोडून विकल्या गेल्यात, एक पान न्यूयॉर्कला, एक कतारच्या दोहा शहरात, आणि गोष्ट कुठेच नाही. मला या प्रकाराचा मनापासून राग आहे. अकबराने हमजानामा, म्हणजे अमीर हमजाच्या साहसांच्या गोष्टींचा ग्रंथ, करवला, १५६२ च्या सुमारास सुरू करून साधारण १५ वर्षं काम चाललं, १४०० चित्रं, तीही कापडावर, एकेक चित्र दोन-सव्वादोन फूट उंच. आज त्यातली दोनशेसुद्धा उरलेली नाहीत. काही १८८१ मधे लंडनच्या म्युझियमच्या माणसाला श्रीनगरमधे मिळाली, कुठे, तर थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्यांच्या जाळ्यांना लावलेली.

शिवाय कायदा आहे. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा, त्यात इतर वस्तूंना १०० वर्षांची अट आहे पण ऐतिहासिक मोलाच्या हस्तलिखिताला ७५ च. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, आणि चित्रांच्या पोथ्यांची तर नोंदणी करावी लागते. तेव्हा नवऱ्याला छान घड्याळ द्या.

प्रश्न (इंग्लंडहून, बर्मिंगहॅमजवळ राहणारे वाचक) : इथल्या युनिव्हर्सिटीत जगातलं सगळ्यात जुनं कुराण आहे असं ऑफिसमधे ऐकलं. खरं का? आणि आपल्याकडच्या एवढ्या पोथ्या इंग्लंडात कशा आल्या?

पूर्ण कुराण नाही, दोन पानं आहेत. कातड्याची, हिजाझी म्हणतात त्या जुन्या तिरक्या लिपीत, १८ ते २० या सूरांमधला भाग. एका नंतरच्या प्रतीच्या पानांमधे ती चुकून बांधली गेली होती, आणि वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही, मग एका पीएचडी करणाऱ्या मुलीला अक्षराचं वळण वेगळं वाटलं. कातड्याची कार्बन तपासणी झाली, २०१५ च्या जुलैत जाहीर केलं, की साल ५६८ ते ६४५ च्या दरम्यान असण्याची शक्यता ९५.४ टक्के. पैगंबर साहेबांचा काळ परंपरेने ५७० ते ६३२, म्हणून एवढी खळबळ.

पण एक लक्षात घ्या, तपासलं ते कातडं, शाई नाही. मेंढी की बकरी कधी मेली हे कळलं, त्यावर कधी लिहिलं ते त्याच्या नंतरच, किती नंतर ते अक्षर बघणाऱ्यांनी भांडून ठरवायचं आणि ते अजून भांडतायत. सगळ्यात जुनं असं छातीठोक कोणी म्हणू नये. येमेनमधे सनाच्या मोठ्या मशिदीत १९७२ ला दुरुस्तीच्या वेळी छतात जुन्या फाटक्या पानांचा साठा सापडला, फाटलं तरी पवित्र म्हणून टाकून न देता ठेवलेला, त्यातही तितकीच जुनी पानं आहेत, एक तर असं की आधीचा मजकूर धुवून त्यावर पुन्हा लिहिलेला. आपल्याकडे जीर्ण पोथी गंगेला सोडायचे, तिथे छतात ठेवली, आणि ठेवली म्हणून आज मिळाली. असो. तुमच्या बर्मिंगहॅमची पानं मिंगाना नावाच्या मोसुलकडच्या विद्वानाने १९२० च्या दशकात जमवलेल्या संग्रहातली, आणि पैसे दिले कॅडबरी घराण्याने. हो, चॉकलेटवाले तेच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कडू आहे. १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपूच्या वाड्यात साधारण दोन हजार हस्तलिखितं मिळाली, ती कंपनीने वाटून घेतली, काही कलकत्त्याला, काही लंडनला. त्यातच एक आहे ‘निमतनामा’, माळव्याच्या मांडूच्या सुलतानाचं पाककृतींचं पुस्तक, १५०० च्या आसपासचं, पन्नासेक चित्रं, जवळपास प्रत्येक चित्रात झुबकेदार मिशीवाला घियासशहा बसलाय आणि आजूबाजूला बायका काहीतरी तळतायत, शिजवतायत, त्याला चाखायला देतायत. सामोशाच्या कृती आहेत त्यात, खिम्याच्या, बटाटा अजून भारतात यायचा होता. विजापूरच्या असार महालातला आदिलशाही पुस्तकांचा उरलासुरला साठाही १९ व्या शतकाच्या मधे लंडनला गेला. तिथे नीट ठेवलाय हे खरं, इथे राहिला असता तर वाळवीने खाल्ला असता असं लोक म्हणतात तेही कदाचित खरं, पण म्हणून मला ते वाक्य आवडत नाही. हैदराबादला सालारजंगमधे, पाटण्याच्या खुदाबक्षमधे, रामपूरला रझा लायब्ररीत हजारोंनी पोथ्या आहेतच की शाबूत.

तुम्ही तिथे राहता तर ब्रिटिश लायब्ररीत निमतनामाचं एखादं पान मांडलेलं असेल तेव्हा नक्की बघा, आणि सामोसे खाऊन जा.

प्रश्न (सोलापूर) : आमच्याकडे एक फारसी वैद्यकाची हस्तलिखित पोथी आहे, पणजोबा युनानी हकीम होते. पानांची चौकट हिरवी आहे आणि तिथूनच पानं तुटतायत. सेलोटेप लावू का? आणि पहिल्या पानावर ‘या कबीकज’ असं दोन-तीनदा लिहिलंय, वाचून दाखवणारे मौलाना हसले पण अर्थ सांगितला नाही. जादूटोणा तर नाही ना?

सेलोटेप नको, नको, नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात मुरतो आणि मग तो कागद वाचवणं फार अवघड होतं. लॅमिनेशन तर नावसुद्धा काढू नका.

हिरवी चौकट म्हणजे जंगाल, तांब्याला सिरका-आंबट लावून जो हिरवा गंज येतो त्याचा रंग. दिसायला देखणा, पण तांबं हळूहळू कागद जाळतं, आधी रेघेमागे तपकिरी डाग उमटतो, मग रेघ कडक होते, आणि एक दिवस पान वाकवलं की मधला मजकुराचा तुकडा चौकटीतून खिडकीसारखा सुटून हातात येतो, हाशिया म्हणजे समास जिल्दीतच राहतो. दमट हवेत आणखी लवकर. त्यामुळे पान वाकवायचं नाही, पोथी सपाट १८० अंशात उघडायची नाही, दोन्ही बाजूंना उशा ठेवून अर्धीच उघडायची, थुंकी लावून पान उलटायचं नाही. पानांच्या मधे आम्ल नसलेला कागद घाला, वर्तमानपत्र चालणार नाही. बाहेरून धुतलेलं, खळ काढलेलं सुती कापड, आपल्या दप्तरखान्यातल्या रुमालासारखं गुंडाळा, आणि लोखंडी पेटीत ठेवू नका. सुटलेले तुकडे त्या त्या पानाजवळच ठेवायचे.

पानं विस्कटलीच तर क्रम लावायची युक्ती त्या पोथीतच आहे. उजव्या हाताच्या पानाच्या खाली डाव्या कोपऱ्यात एक सुटा शब्द तिरका लिहिलेला दिसेल, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. फारसी न कळता नुसते आकार जुळवूनही क्रम लागतो, घरातल्या मुलांना बसवा, त्यांना कोडं सोडवल्यासारखं आवडेल. त्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, सावली न पडता, अंगठा न येता. पानावर शिक्के असतील तर त्यांचेही. शिक्क्यात साल असलं तर ते शिक्का कोरल्याचं असतं, पोथी लिहिल्याचं नाही, त्यावर भांडू नका.

आता कबीकज. जादूटोणा आहे, पण तुमच्यावर नाही. कबीकज म्हणजे मुळात एक विषारी वनस्पती, किडे तिला भितात, पण पुढे वनस्पती विसरली गेली आणि लोक समजले की कबीकज हा झुरळांचा, किड्यांचा राजा, त्याचं नाव पुस्तकावर लिहिलं की बाकीचे किडे राजाच्या मालाला तोंड लावत नाहीत. अगदी ‘हे कबीकजा, हा कागद खाऊ नकोस’ अशी विनवणीच. मौलाना हसले ते त्यामुळे. तुमच्या पणजोबांनी, किंवा त्यांच्या आधी ज्याच्याकडे पोथी होती त्याने, औषधांचं पुस्तक वाचवायला राजाकडे अर्ज टाकला होता. तुम्ही पाठवलेला फोटो मी मोठा करून बघितला, तीनदा नाव लिहिलंय आणि तिसऱ्या कबीकजच्या बरोब्बर मधून किड्याने भोक पाडलंय.